अर्थसंकल्प, सरकारी कार्यालये आणि स्त्री-पुरुष समानता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिंगभाव-संवेदी अर्थसंकल्प म्हणजे महिलांसाठी वेगळा अर्थसंकल्प का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत आधी दूर करावा लागतो, कारण तो कायम राहिला की पुढची सगळी चर्चा महिला व बालकल्याणाच्या चार योजनांभोवतीच फिरत राहते. सरकारचा अर्थसंकल्प एकच असतो. त्यातील जमेची आणि खर्चाची प्रत्येक मोठी बाब स्त्रिया, पुरुष आणि इतर लिंगओळखीच्या व्यक्तींपर्यंत कशी पोहोचते, कोणाचा भार हलका करते आणि कोणाचा वाढवते, हे तपासून त्यानुसार तरतुदी बदलणे, याला लिंगभाव-संवेदी अर्थसंकल्प किंवा रूढ शब्दांत जेंडर बजेट म्हणतात. तपासणी करून अहवाल कपाटात ठेवला, तर काम अर्धेच झाले.

सरकारी पातळीवर या कामाची सुरुवात १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. त्यानंतर लगेच दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात अर्थतज्ज्ञ ऱ्होंडा शार्प यांच्या मांडणीनुसार खर्चाचे तीन गट पाडले गेले : खास महिलांसाठीचा खर्च, सरकारी नोकरीत समान संधी मिळावी म्हणून केलेला खर्च आणि उरलेला सर्वसाधारण खर्च. पहिले दोन गट एकत्र केले तरी ते एकूण अर्थसंकल्पाचा अगदी लहान तुकडा ठरतात, हे त्या वर्गवारीतून उघड झाले. रस्ते, पाणी, वाहतूक, पोलीस, शेती, पगार आणि निवृत्तिवेतन हे सगळे तिसऱ्या गटात येते, आणि समानतेच्या दृष्टीने खरा निकाल तिथेच लागतो.

रस्ता, पाणी किंवा दिवाबत्तीचा खर्च सर्वांसाठीच असतो. त्यात स्त्री-पुरुष हा भेद कुठून आला?

भेद खर्चाच्या शीर्षकात नसतो, वापरात असतो. स्वीडनमधील कार्लस्कूगा या नगरपालिकेने आपल्या बर्फ हटवण्याच्या कामाची तपासणी केली, तेव्हा असे दिसले की आधी मोठे रस्ते मोकळे होत आणि पदपथ व सायकलमार्गांचा क्रम शेवटी लागे. मोटारीने जाणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण जास्त होते, तर पायी, सायकलने किंवा बसने जाणाऱ्यांत स्त्रियांचे. शिवाय थोड्या बर्फातून मोटार जाते, पण मुलाची ढकलगाडी घेऊन चालणारी बाई घसरते. नगरपालिकेने क्रम बदलला आणि पदपथ, सायकलमार्ग, बसथांबे व पाळणाघरांकडे जाणारे रस्ते आधी साफ करायला घेतले. बर्फ तेवढाच हटवायचा होता. बदलला तो क्रम.

दुसरे उदाहरण सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या नकाशाचे. दोन्ही बाजूंना क्षेत्रफळ अगदी सारखे दिलेले असते. पुरुषांच्या बाजूला मुताऱ्यांची रांग बसते आणि महिलांच्या बाजूला तेवढ्याच जागेत फक्त दारबंद शौचालयेच बसवावी लागतात, त्यामुळे एका वेळी सोय होणाऱ्यांची संख्या कमी भरते. त्यात कपडे, पाळी, गरोदरपण, कडेवरचे मूल यांमुळे प्रत्येकीला लागणारा वेळ जास्त असतो. जागेची वाटणी तंतोतंत निम्मी-निम्मी करूनही रांग एकाच दाराबाहेर लागते. हा नकाशा मंजूर करणाऱ्या अभियंत्याच्या मनात कोणाविषयी आकस नसतो. मंजुरीच्या नमुन्यात ‘क्षेत्रफळ किती’ असा रकाना असतो आणि ‘एका तासात किती जणांची व किती जणींची सोय’ असा रकाना नसतो, एवढेच कारण असते. सार्वजनिक व्यवस्थेतील बरीचशी विषमता अशीच, कोणीही वाईट न वागता, रकान्यांमधून पुढे चालू राहते.

घरातील बिनमोबदला कामाचा सरकारी खर्चाशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात स्वयंपाक, साफसफाई, मुलांचे संगोपन, आजाऱ्यांची शुश्रूषा अशा बिनमोबदला कामाच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रिया देतात, म्हणजे पुरुषांच्या तिपटीहून अधिक. हे काम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही, म्हणून ते वाढले किंवा घटले तरी सरकारच्या हिशेबात त्याची नोंद होत नाही.

समजा, एका रुग्णालयाने खाटा लवकर मोकळ्या व्हाव्यात म्हणून शस्त्रक्रियेनंतर सातव्या दिवसाऐवजी चौथ्या दिवशी रुग्णाला घरी सोडायचे ठरवले. हिशेबात प्रत्येक रुग्णामागे तीन दिवसांची बचत दिसते. त्या तीन दिवसांत मलमपट्टी बदलणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, अंथरुणातच अंग पुसून देणे, रात्री दर दोन तासांनी उठून पाहणे हे सगळे घरी कोणाला तरी करावेच लागते, आणि बहुतेक घरांत ती व्यक्ती पत्नी, सून, मुलगी किंवा आई असते. तिची बिनपगारी रजा, बुडालेली मजुरी किंवा हुकलेली परीक्षा कोणत्याही लेखाशीर्षाखाली येत नाही. अशा निर्णयाला काटकसर म्हणणे मला चुकीचे वाटते, कारण खर्च वाचलेला नसतो, तो न विचारता दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला असतो. हेच गणित उलट दिशेनेही चालते. घराजवळ नळ आला, पाळणाघर सुरू झाले, वृद्धांसाठी दिवसभराचे केंद्र उघडले की मोकळा होणारा वेळ बहुतांशी स्त्रियांचा असतो, म्हणून अशा तरतुदीचा लाभ मोजताना वाचलेले तासही मोजले पाहिजेत.

अर्थसंकल्पाच्या वर्षभराच्या कामात हा विचार नेमका कुठे घालायचा?

सुरुवात वित्त विभागाच्या परिपत्रकापासून होते. दरवर्षी सर्व विभागांकडून अंदाज मागवण्यासाठी जे परिपत्रक निघते, त्यात प्रत्येक मोठ्या मागणीसोबत लाभार्थ्यांची स्त्री-पुरुषनिहाय संख्या आणि अपेक्षित परिणाम मागितला नसेल, तर पुढे कोणीही तो आपणहून देत नाही. परिपत्रकात एक परिच्छेद असणे ही फार छोटी गोष्ट वाटते, पण खालच्या कार्यालयातील लिपिक ज्या तक्त्यात आकडे भरतो तो तक्ता तिथूनच येतो. त्यानंतर विभागांच्या मागण्यांची छाननी, विधिमंडळातील चर्चा, मंजुरी, वितरण आणि शेवटी लेखापरीक्षण असे टप्पे येतात.

सर्वांत कमी लक्ष जाते ते वर्षाच्या मध्यावर तयार होणाऱ्या सुधारित अंदाजांकडे. मूळ अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा भाषणे होतात, बातम्या येतात, आकड्यांचे कौतुक होते. सहा-आठ महिन्यांनी महसूल कमी पडला की कात्री लागते आणि ती जिथे विरोध कमी तिथे आधी लागते. पगार आणि व्याज यांना हात लावता येत नाही, मोठ्या कंत्राटांची देयके थांबवणे अवघड असते. मग प्रशिक्षण, समुपदेशन केंद्रे, निवारागृहे, वसतिगृहांची दुरुस्ती अशा बाबींचा निधी रोखला जातो किंवा पुनर्विनियोजनाने, म्हणजे एका कामाचा मंजूर निधी दुसऱ्या कामाला देऊन, दुसरीकडे वळवला जातो. म्हणून कोणत्याही तरतुदीचे तीन आकडे नेहमी शेजारी ठेवून वाचावेत : मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. केवळ पहिल्या आकड्यावर समाधान मानणारे विश्लेषण अपुरे असते.

प्रत्यक्ष खर्चाचा आकडाही पुन्हा तपासावा लागतो, कारण वर्षअखेरीस घाईघाईने उचललेला आणि तसाच पडून राहिलेला निधी कागदावर खर्चच दिसतो.

वेगळे जेंडर बजेट विवरणपत्र छापले की पुरेसे होते का?

विवरणपत्र उपयोगी असते, पण ते चटकन आकडे जुळवण्याचा खेळ बनते. भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पासोबत २००५-०६ पासून असे विवरणपत्र दिले जाते. त्याच्या पहिल्या भागात ज्या योजनांची १०० टक्के तरतूद महिला व मुलींसाठी आहे त्या येतात आणि दुसऱ्या भागात जिथे हे प्रमाण किमान ३० टक्के आहे त्या. वर्गवारी सोपी असल्यामुळे विभागांना ती भरता येते, हा तिचा गुण आहे. दोष असा की एखादी योजना कोणत्या भागात टाकायची हे योजनेच्या परिणामावरून न ठरता तिच्या नावावरून किंवा एखाद्या अटीवरून ठरू शकते. प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण घरबांधणीची तरतूद पहिल्या भागात दाखवली गेली, त्यावर अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर होणे ही मोलाची गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु त्या घरात संपूर्ण कुटुंब राहते, म्हणून सगळा खर्च केवळ महिलांवरचा म्हणून दाखवला की एकूण आकडा फुगतो आणि खरोखर महिलांसाठीच असलेल्या छोट्या योजना त्या आकड्याच्या आड दिसेनाशा होतात.

विवरणपत्र वाचताना तरतुदीचे प्रमाण कशाच्या आधारे ठरवले, हे प्रत्येक ओळीला विचारावे. उत्तर ‘मागील वर्षीप्रमाणे’ असे आले, तर तो आकडा कोणी तपासलेला नाही असे समजावे.

ठरावीक टक्केवारी राखून ठेवणे हा सोपा मार्ग नाही का?

फिलिपिन्सने १९९० च्या दशकातच हा मार्ग घेतला. प्रत्येक सरकारी संस्थेने आपल्या अर्थसंकल्पातील किमान ५ टक्के रक्कम लिंगभाव आणि विकास या कामासाठी ठेवावी, असा तिथे नियम आहे. निश्चित रक्कम हाताशी असल्यामुळे काम सुरू होते आणि जबाबदारी टाळता येत नाही, हे खरे आहे. पण संस्थांचे लक्ष ‘५ टक्के कसे संपवायचे’ याकडे वळते आणि उरलेल्या ९५ टक्क्यांना कोणी प्रश्न विचारत नाही, हा अनुभवही तिथलाच आहे. टक्केवारी ठेवायचीच असेल, तर ती उरलेल्या खर्चाची तपासणी करण्यासाठी लागणारी माणसे आणि माहिती उभी करण्यासाठी वापरावी, असे माझे मत आहे.

यासाठी कायदा आवश्यक आहे का?

माझ्या मते आहे. केवळ राजकीय इच्छेवर उभे राहिलेले काम सरकार बदलले की थांबते. ज्या ऑस्ट्रेलियाने हा पायंडा पाडला, तिथेच महिला अर्थसंकल्प विवरण २०१४ मध्ये बंद झाले आणि ते पुन्हा सुरू व्हायला २०२१ उजाडले. दक्षिण आफ्रिकेत १९९५ मध्ये संसद सदस्य आणि स्वयंसेवी संशोधन संस्थांनी मिळून सुरू केलेला उपक्रम जगभर वाखाणला गेला, तरी सरकारच्या आतील प्रयत्न काही वर्षांतच मागे पडला.

याउलट ऑस्ट्रियाच्या राज्यघटनेत २००९ पासून केंद्र, राज्ये आणि नगरपालिका यांनी अर्थसंकल्प करताना स्त्री-पुरुषांच्या वास्तविक समानतेचे उद्दिष्ट ठेवावे अशी तरतूद आहे, आणि २०१३ पासून तिथे प्रत्येक मंत्रालयाला आपल्या मोजक्या फलनिष्पत्ती उद्दिष्टांपैकी किमान एक समानतेशी जोडावे लागते. दक्षिण कोरियाने २००६ च्या कायद्याने अशी विवरणपत्रे बंधनकारक केली आणि २०१० च्या अर्थसंकल्पापासून ती प्रत्यक्षात आली. युगांडाचा २०१५ चा सार्वजनिक वित्त व्यवस्थापन कायदा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तिथे मंत्रालयांना आपल्या अर्थसंकल्पात लिंगभाव व समन्यायाचा विचार केल्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि समान संधी आयोग त्यासाठी मूल्यमापन करतो. प्रमाणपत्र नसेल तर संसदेतील मंजुरी अडते, आणि पैसे अडण्याची शक्यता दिसली की एरवी फाईल न उघडणारे कार्यालयही आकडेवारी गोळा करू लागते.

करांचा यात काही संबंध येतो का?

येतो, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र धरून कर लावला, तर कमी कमावणाऱ्या जोडीदाराच्या पहिल्या रुपयावरही वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. ती जोडीदार बहुधा पत्नी असते आणि मग ‘तुझी नोकरी परवडत नाही’ हे वाक्य घरात हिशेबाने सिद्ध करता येते. स्वीडनने १९७१ मध्ये प्रत्येकाच्या उत्पन्नावर स्वतंत्र कर आकारायला सुरुवात केली, त्यामागे हा विचार होता. वस्तूंवरील करांत पाळीच्या साधनांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. केनियाने २००४ मध्ये, भारताने जुलै २०१८ मध्ये आणि ब्रिटनने जानेवारी २०२१ पासून त्यांवरील कर काढला.

स्त्री-पुरुषनिहाय आकडेवारीच उपलब्ध नसेल तर काय करावे?

ती नाही, हाच पहिला निष्कर्ष म्हणून लिहावा आणि पुढच्या वर्षीच्या तक्त्यात रकाना घालावा. दरम्यान अंदाज बांधण्याचे साधे मार्ग असतात : बसमधील प्रवाशांची दोन दिवसांची मोजणी, नोंदवहीतील नावांची छाननी, वेळेच्या वापराच्या राष्ट्रीय पाहणीतील आकडे. मोजताना केवळ ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ एवढ्यावर थांबू नये. वय, अपंगत्व, उत्पन्न आणि वस्ती पाहिल्याशिवाय ‘महिला लाभार्थी’ या एका आकड्यात सुस्थितीतील बाई आणि एकटी राबणारी बाई सारख्याच दिसतात. पारलिंगी व्यक्तींसाठी नोंदीची सोय ठेवावी, मात्र ती त्यांची ओळख उघडी पडणार नाही अशा रीतीने.

पैसा नीट वाटला, तरी कार्यालये तशीच राहिली तर?

तर वाटलेला पैसा खिडकीपाशी अडतो. एखाद्या योजनेच्या अर्जात ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ हा पहिला रकाना असतो आणि त्याखाली सहीची जागा त्याच्याच नावाने असते. नवरा सोडून गेलेली बाई तो अर्ज हातात घेऊन थांबते. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज अपूर्ण ठरतो, स्वतःचे नाव लिहिले तर पुरावा मागितला जातो आणि त्याचे नाव लिहिले तर त्याची सही लागते. तिच्यामागे रांग असते, खिडकीमागचा कर्मचारी सभ्य शब्दांत ‘पुढच्या वेळी पूर्ण करून आणा’ म्हणतो आणि तिचा मजुरीचा आणखी एक दिवस जातो. तरतूद शिल्लक राहिली की वर्षअखेरीस ‘मागणी नसल्यामुळे निधी अखर्चित’ असा शेरा पडतो. मागणी होती, पण नमुन्यात तिला जागा नव्हती.

त्यामुळे संस्था सुधारायची तर अर्जाचे नमुने, कामकाजाच्या वेळा, बसण्याची जागा, तक्रार करण्याची पद्धत आणि कोणत्या कागदपत्राविना काम अडते त्यांची यादी इथूनच सुरुवात करावी. यातील बऱ्याच बदलांना पैसा लागत नाही. एका सहीचा आदेश पुरतो. तक्रारीची व्यवस्था ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाताखाली असेल, तर ती वापरली जात नाही, आणि मग शून्य तक्रारी हा चांगल्या कारभाराचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

पदांवर स्त्रियांची संख्या वाढली की प्रश्न सुटतो का?

फरक पडतो, आणि तो मोजला गेला आहे. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील ग्रामपंचायतींत काही सरपंचपदे आळीपाळीने स्त्रियांसाठी राखीव होत असल्यामुळे राखीव व बिगरराखीव गावांची तुलना करता आली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की स्त्रियांनी नेतृत्व केलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त गुंतवणूक केली, आणि त्या गावांतील स्त्रियांच्या तक्रारीही मुख्यतः पाण्याच्याच होत्या. कोणाचा अनुभव निर्णयाच्या खोलीत बसलेला आहे, यावर पैसा कुठे जातो हे ठरते.

तरीही केवळ एकूण संख्येवर विसंबू नये. मंजूर पदांचा आकृतिबंध, म्हणजे कोणत्या श्रेणीत किती पदे याची रचना, संवर्गनिहाय पाहिला तर अनेक ठिकाणी असे दिसते की तळाच्या, कंत्राटी किंवा मानधनावरच्या जागा स्त्रियांच्या आणि निविदा, वित्त, बांधकाम या समित्यांवरील जागा पुरुषांच्या. घरोघरी जाऊन आरोग्याचे काम करणाऱ्या बाईला ‘स्वयंसेविका’ म्हणून मानधन देणारे सरकार समानतेचा अर्थसंकल्प मांडते, तेव्हा तिच्या वेतनाची ओळ आधी तपासावी.

यात पुरुषांवर अन्याय होत नाही का?

तपासणी दोन्ही बाजूंनी होते. कुठे पुरुष उपचारासाठी उशिरा येतात, कुठे मुलगे शाळा सोडतात, कुठे वडिलांना बाळासाठी रजाच मिळत नाही, हे त्याच तक्त्यांतून कळते आणि तरतूद तिथेही केली जाते. ज्यांना आजवर मोठा वाटा आपोआप मिळत होता त्यांना त्याचे कारण द्यावे लागणे, याला मी अन्याय म्हणणार नाही.

लहान नगरपालिकेला हे जमण्यासारखे आहे का?

स्थानिक पातळीवर ते जास्त जमते, कारण परिणाम डोळ्यांना दिसतो. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात केलेल्या पाहणीत आढळले की वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली उद्यानांत येईनाशा होतात. मोकळ्या जागेचा ताबा मोठ्या मुलग्यांच्या गटाकडे जाई आणि मुली भांडण न करता निघून जात. १९९९ मध्ये दोन उद्यानांची फेररचना करताना एकच मोठे मैदान ठेवण्याऐवजी जागेचे लहान भाग पाडले, वेगवेगळ्या खेळांची सोय केली, पायवाटा व दिवे सुधारले, आणि मुली परत येऊ लागल्या. महानगराएवढा पैसा नसलेल्या गावालाही एका उद्यानाची पाहणी करता येते.

सामान्य नागरिकाने सुरुवात कुठून करावी?

संपूर्ण अर्थसंकल्प वाचायला घेऊ नये. माणूस थकतो आणि सोडून देतो. आपल्याला ज्याचा रोजचा अनुभव आहे अशी एकच बाब निवडावी, मग ती बससेवा असो, स्वच्छतागृहे असोत किंवा पाळणाघर. त्या बाबीचे मागील तीन वर्षांचे मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च मिळवावेत. बहुतेक सरकारे हे आकडे प्रसिद्ध करतात आणि जिथे माहिती अधिकाराचा कायदा आहे तिथे ते मागता येतात. त्यानंतर त्या सेवेच्या ठिकाणी वेगवेगळ्या वेळी जाऊन कोण येते, किती वेळ थांबते आणि कोण काम न होता परत जाते हे वहीत लिहावे. आकडे आणि ही नोंद शेजारी ठेवून एका पानाचे निवेदन लिहावे, त्यात एकच ठोस मागणी असावी, आणि ते अंदाजपत्रकाचे परिपत्रक निघण्याच्या सुमारास द्यावे, कारण मंजुरीनंतर दिलेल्या निवेदनावर ‘पुढील वर्षी विचार करण्यात येईल’ एवढेच लिहून येते. लोकप्रतिनिधीला एक प्रत, विभागाला एक प्रत, आणि दोन्हींवर तारखेसह पोच घ्यावी.